टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि स्क्रूड्रायव्हर
घरगुती संगणकाच्या पहिल्या दशकाची गोष्ट

इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या घरातली १९८२ सालची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणू या. जेवणे उरकली आहेत. घरात टीव्ही एकच, आणि मोठी माणसे बातम्या पाहत बसली आहेत. पंधरा वर्षांचा मुलगा बातम्या संपण्याची वाट पाहतो आहे. त्याच्या हातात वहीपेक्षाही लहान असा काळ्या प्लॅस्टिकचा एक चपटा डबा आहे. बातम्या संपताच तो टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढतो, तिथे आपल्या डब्याची वायर खोचतो आणि टीव्ही छत्तीस क्रमांकाच्या चॅनेलवर लावतो. पडदा पांढरा होतो आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एका काळ्या चौकोनात 'के' हे इंग्रजी अक्षर उमटते. संगणक आज्ञेची वाट पाहत असल्याची ती खूण असते.

या मुलाला प्रोग्रामिंग कोणी शिकवलेले नाही. त्याच्या शाळेत संगणक असलाच तर एखादाच. तरीही पुढचे तीन तास तो प्रोग्राम लिहील, तो चालणार नाही, मग चूक शोधत बसेल. मध्येच टेपरेकॉर्डर बिघडेल, तो दुरुस्त करील. शनिवारी घरातली नादुरुस्त इस्त्रीही बहुधा त्याच्याकडेच येईल. हा मुलगा काल्पनिक आहे, पण त्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत अशी मुले लाखांनी होती आणि पुढच्या काळातले कितीतरी संगणकतज्ज्ञ त्यांच्यातूनच आले.

हे कसे घडले? याचे उत्तर बहुतेक वेळा 'संगणक स्वस्त झाले' एवढेच दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हा संगणक घरातल्या ओळखीच्या वस्तूंना जोडून चालत असे, आणि या वस्तू उघडून पाहण्याची लोकांना सवय होती, हाही त्या उत्तराचा भाग आहे. शिक्षक म्हणून आपल्याला या दुसऱ्या भागाकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

जुने नातेवाईक

टीव्ही आणि संगणक यांचे नाते आपल्याला वाटते त्याहून जुने आहे. जुन्या टीव्हीचा पडदा म्हणजे ऋणकिरण नलिकेचे (आपण नेहमी 'पिक्चर ट्यूब' म्हणतो तिचे) रुंद टोक. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरच्या लेपावर आदळला की तिथे ठिपका चमकतो. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी अशा नलिका मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. युद्धानंतर मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी या नलिकेचा उपयोग स्मृती म्हणून केला. झोत आदळला की पडद्यावर काही क्षण विद्युतभार टिकतो. तो वाचायचा आणि विरून जाण्याआधी पुन्हा लिहायचा, अशी ही युक्ती होती. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या 'बेबी' या छोट्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला जगातला पहिला प्रोग्राम चालवला. २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वतः वगळून, सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्याला ५२ मिनिटे लागली. उत्तरही एका नलिकेच्या पडद्यावरच्या ठिपक्यांवरून वाचायचे होते.

पुढच्याच वर्षी, मे १९४९ मध्ये, केंब्रिज विद्यापीठातला 'एडसॅक' हा संगणक सुरू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. त्या उन्हाळ्यात ते आपला पहिला मोठा प्रोग्राम तपासत होते. संगणकाची खोली आणि कागदी पट्टीवर भोके पाडण्याचे यंत्र यांच्यामध्ये जिन्यावरून हेलपाटे घालताना त्यांना अचानक जाणवले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. प्रोग्रामरचा दिवस कसा असतो याचे याहून नेमके वर्णन आजही सापडणार नाही. चूक शोधणे हा या कामातला अपघात नव्हे, तेच मुख्य काम आहे.

पडद्यावर अक्षरे

१९७० च्या दशकाच्या आरंभी संगणक हे विद्यापीठाचे किंवा मोठ्या कंपनीचे यंत्र होते. घरात मात्र टीव्ही होता. त्या पडद्यावर आपण टाइप केलेली अक्षरे उमटवता येतील का? सप्टेंबर १९७३ मध्ये 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकात डॉन लँकेस्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' हा लेख आला. साध्या टीव्हीवर प्रत्येकी ३२ अक्षरांच्या १६ ओळी दाखवणारे हे उपकरण हौशी माणसाने घरी बनवायचे होते. जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा संगणक झळकला. सुमारे चारशे डॉलरमध्ये सुट्या भागांचे खोके मिळे. सोल्डरिंग करून यंत्र आपणच जुळवायचे. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. खटके वरखाली करून आज्ञा द्यायच्या आणि लुकलुकणारे दिवे वाचायचे.

या दोन धाग्यांची गाठ बांधणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्टीव्ह वॉझनियाक. ते दिवसा ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटरवर काम करत आणि संध्याकाळी आपला संगणक घडवत. १९७५ च्या उन्हाळ्यात त्यांनी कळफलकावर टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटली. १९७६ साली विक्रीला आलेला 'अ‍ॅपल-१' म्हणजे नुसता जुळवलेला फळा होता. ट्रान्सफॉर्मर, कळफलक आणि टीव्ही ज्याचा त्याने आणायचा. त्यावरची बेसिक भाषा वॉझनियाकनी कागदावर हाताने लिहिली होती. एका बाजूला आज्ञा आणि शेजारी तिचा यंत्राला कळणारा आकडा.

त्यांचा आणखी एक अनुभव बोलका आहे. १९७५ मध्ये त्यांनी अटारी कंपनीसाठी 'ब्रेकआउट' या चेंडू-विटांच्या खेळाचे सर्किट चार दिवस-रात्र जागून बनवले होते. त्यात काही बदलायचे तर तारा आणि चिप बदलाव्या लागत. १९७७ च्या 'अ‍ॅपल-२'वर तोच खेळ त्यांनी बेसिकमध्ये लिहिला. चेंडूचा रंग किंवा वेग बदलायला आता एखादी ओळ पुन्हा टाइप केली की पुरे. काल सोल्डरिंग करून जे बदलावे लागे, ते आज नुसते लिहून बदलता येऊ लागले होते. हा बदल ज्याने दोन्ही कामे स्वतःच्या हातांनी केली होती त्यालाच पूर्णपणे उमगणे शक्य होते.

एक किलोबाइटचा संसार

आता पुन्हा त्या काळ्या डब्याकडे वळू. तो होता 'सिंक्लेअर झेडएक्स-८१'. केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो मार्च १९८१ मध्ये आणला. जुळवलेला घेतला तर किंमत जवळजवळ ७० पौंड, सुटे भाग घेऊन स्वतः जुळवला तर ५० पौंड. म्हणजे सोल्डरिंग येत असेल तर २० पौंड वाचत. असे दहा लाखांहून अधिक संगणक विकले गेले.

इतका स्वस्त संगणक बनवण्यासाठी केलेली काटकसर अभ्यासण्याजोगी आहे. ब्रिटनमधल्या टीव्हीवर, आपल्याकडच्याप्रमाणेच, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवला जाई. म्हणजे एका खेपेला २० सहस्रांश सेकंद. या वेळात झोत सुमारे ३१२ ओळी आखतो. झेडएक्स-८१चे चित्र त्यांतल्या १९२ ओळींचे. महाग संगणकात चित्र काढायला वेगळे सर्किट असे. इथे ते काम मुख्य प्रोसेसरच करी. झोत त्या १९२ ओळी आखत असताना प्रोसेसर चित्रात गुंतलेला, म्हणजे जवळजवळ ६० टक्के वेळ तिथेच संपला. चित्राच्या वर-खाली ज्या रिकाम्या ओळी राहतात तेवढ्या वेळात आपला प्रोग्राम चालायचा, आणि त्यातलाही काही वेळ इतर कामांत जायचा. शेवटी प्रोग्रामच्या वाट्याला सुमारे पाव वेळ येई. गणित लवकर हवे असेल तर 'फास्ट' ही आज्ञा द्यायची. मग प्रोसेसर चित्र सोडून देई, पडद्यावरचे चित्र नाहीसे होई आणि उत्तर चौपट वेगाने येई. आधीच्या झेडएक्स-८०मध्ये तर प्रत्येक कळ दाबताना पडदा लुकलुके.

हा दोष खराच. पण त्या पंधरा वर्षांच्या मुलाला यातून काय कळले ते पाहा. प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो, चित्र काढायलाही वेळ लागतो, वेळ वाटून घ्यावा लागतो, हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिले. हे आजच्या यंत्रातही होते, पण इतके बेमालूम की ते दिसत नाही.

स्मृतीचेही तसेच. झेडएक्स-८१ची मूळ स्मृती एक किलोबाइट, म्हणजे १०२४ अक्षरांची. पडद्यावर ३२ अक्षरांच्या २४ ओळी. ३२ गुणिले २४ म्हणजे ७६८. पडदा भरला तर स्मृतीचा तीन चतुर्थांश भाग पडद्यावरच खर्च! म्हणून हा संगणक ओळीचा वापरलेला भागच साठवी. अशा एवढ्याशा जागेत डेव्हिड हॉर्न यांनी ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम बसवला. 'युअर कॉम्प्युटर' या ब्रिटिश मासिकाने १९८२-८३ मध्ये तो छापला. किल्लेकोटासारखे काही नियम त्याला सोडावे लागले, पण संगणक खेळत होता. त्यासाठी एकेक बाइट वाचवावा लागला होता.

अधिक स्मृती हवी असेल तर मागे खोचायचा १६ किलोबाइटचा जोड मिळे. तो सैल बसे. जरा टेबल हलले की संपर्क तुटे आणि दोन तासांचे काम पुसले जाई. मग लोक चिकटपट्टी लावत, चिकणमातीसारखा चिकट गोळा मध्ये दाबत. प्रोग्राम लिहिता येणे आणि संपर्क घट्ट करता येणे, दोन्ही एकाच माणसाला यावे लागे.

टेपरेकॉर्डरची शिट्टी

वीज बंद केली की स्मृतीतले सारे जाई. म्हणून प्रोग्राम साठवायचा साध्या कॅसेटवर, घरातल्याच टेपरेकॉर्डरने. संगणक शून्य आणि एक यांचे रूपांतर आवाजात करी. कॅसेट ऐकली तर कर्कश शिट्टीसारखा आवाज येई. १९८२ साली आलेल्या सिंक्लेअरच्या 'स्पेक्ट्रम'मध्ये हा वेग सरासरी सेकंदाला दीड हजार बिट होता. ४८ किलोबाइटचा प्रोग्राम चढायला किती वेळ लागेल हे गणित विद्यार्थ्यांना अवश्य द्यावे. ४८ गुणिले १०२४ गुणिले ८, भागिले १५०० केले, की सुमारे २६२ सेकंद येतात, म्हणजे साडेचार मिनिटांच्या आसपास. एवढा वेळ शिट्टी ऐकत बसायचे, आणि शेवटच्या क्षणी 'चूक' असा संदेश आला की पहिल्यापासून सुरुवात.

चूक बहुधा हेडची असे. टेपरेकॉर्डरच्या हेडमधली बारीक फट फितीच्या चालीला बरोबर काटकोनात हवी. ती किंचित तिरकी झाली की वरच्या पट्टीचे आवाज दबतात. गाणे ऐकताना ते फारसे जाणवत नाही, कान सांभाळून घेतो. संगणक सांभाळून घेत नाही. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा, आवाज सर्वांत खणखणीत ऐकू येईल तिथे थांबायचे. दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आली की पुन्हा फिरवायचा. आपल्याकडेही कॅसेटच्या काळात हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे आणि गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळणे घराघरांत चाले, हे वाचकांना आठवत असेल.

आणि प्रोग्राम जर आवाज असेल, तर तो रेडिओवरूनही पाठवता येईल! नेदरलँड्समध्ये 'हॉबीस्कूप' या रेडिओ कार्यक्रमातून १९८० च्या दशकात असे प्रोग्राम खरोखर ऐकवले जात. श्रोते ते कॅसेटवर भरून घेत आणि संगणकात चढवत. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'सीफॅक्स' या टेलिटेक्स्ट सेवेतून टीव्हीच्या लहरींबरोबर प्रोग्राम पाठवले गेले. टीव्ही आणि रेडिओ आजवर केवळ करमणूक आणि बातम्या घरात आणत. आता ते कामाचा कच्चा मालही आणू लागले.

छापलेला प्रोग्राम

त्या काळातल्या प्रोग्रामरचे मुख्य पाठ्यपुस्तक म्हणजे मासिक. त्यात पानेच्या पाने प्रोग्राम छापलेले असत. ते वाचून एकेक ओळ टाइप करायची. सर्वांत लहान प्रोग्राम, जो दुकानात मांडलेल्या संगणकावर येता-जाता मुले लिहून पळून जात, तो असा:

१० प्रिंट "नमस्कार"
२० गोटू १०

म्हणजे 'नमस्कार लिही. मग पुन्हा १० क्रमांकाच्या ओळीवर जा.' पडदा नमस्कारांनी भरून जाई. मोठे प्रोग्राम शेकडो ओळींचे. टाइप करून झाला की तो पहिल्या फटक्यात जवळजवळ कधीच चालत नसे. चूक कोणाची? आपण स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम दिला का? शून्याऐवजी 'ओ' टाइप केला का? की मासिकातच छपाईची चूक आहे? मासिकातल्या चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकात येई, पण महिनाभर थांबायचे कोणी? प्रोग्राम वाचून, समजून घेऊन चूक स्वतः काढावी लागे. म्हणजे नक्कल करायला बसलेला मुलगा चुकीमुळे अभ्यासाला लागे.

ही पद्धत आणि घरातली दुरुस्ती यांत फरक काय? बॅटरी पेटत नाही. सेल संपले की बल्ब गेला? दुसऱ्या बॅटरीतले सेल घालून पाहू. तरी पेटत नाही, म्हणजे सेल निर्दोष. आता बल्ब बदलू. चांगला मिस्त्री एका वेळी एकच गोष्ट बदलतो, कारण दोन बदलल्या आणि यंत्र चालू झाले तर दोष कशात होता ते कळत नाही. यंत्राचे दोन भाग करून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते तो आधी पाहतो. प्रोग्रामरही नेमके हेच करतो. विज्ञानाच्या तासाला आपण ज्याला 'एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवणे' म्हणतो, ती हीच शिस्त आहे.

केंब्रिजमधला एक आठवडा

याचे सुंदर उदाहरण बीबीसीच्या संगणकाच्या जन्मकथेत आहे. संगणक सर्वसामान्यांना शिकवण्यासाठी बीबीसीने टीव्हीवर मालिका करायचे ठरवले आणि मालिकेबरोबर लोकांना घेता येईल असा एक संगणक निवडायचे ठरवले. १९८१ साली केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीला नमुना दाखवायला जेमतेम एक आठवडा मिळाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी सोमवारपासून काम सुरू केले. शुक्रवार उजाडला, बीबीसीची माणसे काही तासांत येणार, आणि यंत्र चालेना. हा नमुना तपासणीसाठी दुसऱ्या एका यंत्राला जोडलेला होता. कंपनीचे एक संस्थापक हर्मन हाउजर यांनी सुचवले, की मधली जोडणी काढून पाहा. काढली आणि यंत्र चालू झाले. दोष नमुन्यात नव्हता, दोष शोधण्यासाठी केलेल्या जोडणीत होता!

हा 'बीबीसी मायक्रो' डिसेंबर १९८१ पासून मिळू लागला. जानेवारी १९८२ मध्ये 'द कॉम्प्युटर प्रोग्रॅम' ही दहा भागांची मालिका सुरू झाली. शाळांना संगणक घेता यावा म्हणून ब्रिटिश सरकारने निम्मी किंमत भरली. सुरुवातीला एकूण बारा हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पंधरा लाख खपली. त्याच्या मागे आणि खाली बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी भरपूर खाचा होत्या. शिक्षक त्याला तापमापक जोडत, मुले खेळण्यातली मोटार जोडत.

या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. घरात आलेला हा संगणक बहुधा मुलाला मिळे, मुलीला क्वचितच. जाहिराती मुलग्यांसाठीच्या, किटही त्यांच्याच वाढदिवसाला. ज्या घरात ५० पौंडही जड होते तिथे तो आलाच नाही. घराने जे वाटप केले ते असमानच होते. ते भरून काढायची जागा होती शाळा.

आपल्या शाळेतली ती खोली

हाच बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स' म्हणजे 'क्लास' हा प्रकल्प सुमारे २५० शाळांत सुरू केला आणि पुढे ही संख्या वाढत गेली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये हे यंत्र 'युनिकॉर्न' या नावाने जुळवलेही गेले. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती बाजारात आणली.

यंत्र तेच, पण त्याचे आयुष्य वेगळे झाले. आमच्यापैकी काहींना आपल्या शाळेतली ती खोली आठवते. चपला बाहेर काढायच्या, खिडक्या बंद, यंत्रावर शिवून घेतलेले कापडी आवरण. आठवड्यातून एक तास, एका यंत्राभोवती आठ-दहा मुले, आणि कळफलकावर हात शिक्षकांचा. इंग्लंडमधल्या मुलाने जे दिवसातून वीस वेळा केले, म्हणजे चूक करून ती शोधली, ते आपल्या मुलांनी वर्षात वीस वेळाही केले नसेल.

यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. यंत्र किमती, दुरुस्तीची सोय दूरच्या शहरात, आणि नाव डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. काही बिघडले तर जबाबदारी ज्याच्या ताब्यात आहे त्याची. अशा स्थितीत शहाणा माणूस यंत्राला कुलूपच लावील. पण गंमत अशी, की त्याच गावात शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली इथे सुटे भाग घ्यायला येणारी मुले होती. दोष शोधण्याचे कौशल्य आपल्याकडे भरपूर होते. ते कौशल्य आणि संगणकाची खोली यांच्यामध्ये ते कुलूप होते.

बंद डबे आणि उघडी पाटी

नंतर संगणकच बदलला. तो टीव्हीपासून सुटला, त्याला स्वतःचा पडदा आला, तो चालू केल्यावर 'आज्ञा द्या' म्हणण्याऐवजी तयार प्रोग्रामांची चित्रे दाखवू लागला. गंमत म्हणजे आजच्या मोबाइल फोनचे मूळही त्याच केंब्रिजमध्ये आहे. विल्सन आणि फर्बर यांनी एकॉर्नमध्ये १९८३ पासून आखलेला 'आर्म' प्रोसेसर एप्रिल १९८५ मध्ये प्रथम चालला आणि आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर असतो. त्या मुलाच्या डब्यापेक्षा तो लाखो पट समर्थ आहे, पण फोन चिकटवून बंद केलेला असतो.

केंब्रिजमधल्याच काही संगणकतज्ज्ञांना याची खंत वाटली. विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी घरी काहीच करून पाहिलेले नसते, असे त्यांच्या लक्षात आले. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'रास्पबेरी पाय' हा उघडा, पत्त्याच्या कार्डाएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आला. किंमत ३५ डॉलर, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही! बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून त्याच्या प्रकारांना 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' अशीच नावे दिली गेली.

असे यंत्र शाळेत असेल तर उत्तमच. पण नसले तरी या इतिहासातला गाभा वर्गात आणता येतो. त्यासाठी फळ्यावर हा प्रोग्राम लिहा. १ ते १० या अंकांची बेरीज त्याने करायची आहे.

१. बेरीज = ०
२. अंक = १
३. बेरीज = बेरीज + अंक
४. अंक = अंक + १
५. अंक १० पेक्षा लहान असेल तर ओळ ३ वर जा
६. बेरीज सांगा

विद्यार्थ्यांनी संगणक व्हायचे. वहीत 'अंक' आणि 'बेरीज' असे दोन रकाने करून एकेक ओळ पाळायची, स्वतःचे डोके चालवायचे नाही. उत्तर ५५ यायला हवे, येते ४५. दोष कोणत्या ओळीत आहे? एकच ओळ बदलून दुरुस्त करा. आता मूळ प्रोग्राममधल्या ओळ ३ आणि ओळ ४ यांची अदलाबदल करून पुन्हा चालवा. उत्तर ५४ येते. एकाने चुकलेले हे उत्तर दहाने चुकलेल्या उत्तरापेक्षा अधिक फसवे का, यावर चर्चा होऊ द्या. शेजारच्या बाकावर दोन सेल, बल्ब आणि तारांचे एक सर्किट मुद्दाम बिघडवून ठेवा आणि दोन्ही गटांना एकाच तक्त्यात नोंद करायला सांगा: काय बदलले, काय झाले, त्यावरून काय कळले. (घरातला जुना टीव्ही मात्र कोणी उघडू नये. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतभार राहू शकतो.)

या तासाला मुली आणि मुलगे दोघांच्याही हातात तार आणि पेन्सिल येईल एवढे पाहा. आणि पहिल्यांदा दोष सापडणाऱ्या विद्यार्थ्याला 'शाबास' म्हणण्याआधी, तो कसा सापडला हे त्याला सगळ्या वर्गाला सांगू द्या.